उजवीकडून उचलताना

१ फेब्रुवारी, शनिवार

आज जे घडले ते क्रमाने:

१. दादाची मोटरसायकल न्यायला मंगळवारी ट्रक येणार आहे, म्हणून ती शेडमधून बाहेर काढून धुवायचे मी ठरवले.

२. साइड स्टँड वर केला. गाडी माझ्या अंदाजापेक्षा लवकर कलली.

३. ती माझ्याच बाजूला, म्हणजे डावीकडे आली. मी मागे सरले. तो निर्णय बरोबर होता.

४. आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. तिने आधी माझे पाय पाहिले, मग गाडी.

५. दोघींनी मिळून उचलून पाहिली. गाडी वीतभर उठली आणि परत बसली.

६. पुन्हा तेच.

७. पेट्रोलचा वास येऊ लागला. वहिनीने वाकून टाकीखालची कळ बंद केली. ती कळ कुठे असते हे तिला न बघता माहीत होते.

८. गाडी आडवी सोडून आम्ही आत गेलो आणि चहा घेतला.

९. दुपारी समोरचा सुतार आणि त्याचे दोन कामगार आले, तेव्हा ती उभी राहिली. नुकसान: डावा आरसा, क्लचच्या दांडीचे टोक.

सुतार हात झटकत म्हणाला, ही गाडी आहे की कपाट? वहिनी म्हणाली, कपाट असते तर निदान आत काही ठेवता आले असते.

चहा घेताना ती मला म्हणाली, "तुझा दादा जाताना ही आडवी टाकून गेला असता, तर दीड वर्ष आपण हिच्यावरून उड्या मारत घरात शिरलो असतो."

मी म्हटले, शेडमधून घरात शिरायला दारच नाही.

"इन्स्पेक्टर, विनोद होता तो."

विनोद होता हे मला कळले होते. मी फक्त दाराबद्दल बोलत होते.

एक गोष्ट मात्र आज पक्की झाली. मला स्वतःची गाडी घ्यायची आहे. रस्त्यावरची नाही, कच्च्या वाटांवरची: हलकी, उंच, बारीक, गट्टेदार टायरची. माझ्या पगारात बसेल अशी. आणि मुख्य अट ही, की ती पडली तर मला एकटीला उचलता आली पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार

हे खूळ कुठून आले, असे वहिनीने विचारले. खूळ नाही, असे सांगून मी थोडक्यात सांगितले. इथे नीट लिहिते.

माझे काम वजनकाटे तपासण्याचे. दुकानातल्या छोट्या काट्यापासून ट्रक तोलणाऱ्या मोठ्या काट्यापर्यंत कुठलाही. म्हणूनच वहिनी मला इन्स्पेक्टर म्हणते. गेल्या महिन्यात दगडाच्या खाणीवर ट्रकचा काटा तपासायला गेले होते. काम लवकर संपले. तिथल्या सर्व्हेअरने त्याची हलकी मोटरसायकल चालवून बघा म्हणून पुढे केली. खाणीच्या मागे एक बंद पडलेली जुनी खाण आहे, तिथून वाट टेकडीवर पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. मी टाकीपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर सर्व्हेअर म्हणाला की मी हसत होते. मला तसे आठवत नाही.

वहिनी म्हणाली, "मग घे की. हसण्यासाठी लोक माझ्याकडे दात करून घेतात, तुला नुसती गाडी लागते."

ती दात बनवते. कवळ्या, टोप्या, सगळे. गावातल्या एका लॅबमध्ये नोकरी आहे. कधी घाईचे काम असले की एखादा जबडा घरी आणते आणि पायरीवर बसून पॉलिश करते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रक आला, गाडी गेली. दादाचा फोन मला आला, आरशाबद्दल विचारायला. मी सांगितले फुटला, भरपाई देते. तो म्हणाला राहू दे. मग म्हणाला, "ती ठीक आहे ना?" मी म्हटले, क्लचच्या दांडीचे टोक सोडून ठीक आहे. तो म्हणाला, बरं. फोन ठेवल्यावर लक्षात आले की त्याने बहुधा गाडीबद्दल विचारले नव्हते.

त्यांच्या घटस्फोटाचे कागद होऊन आता आठ महिने झाले. त्या हिशेबाने वहिनी माझी वहिनी राहिलेली नाही. मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आले होते, दादा गेला, आम्ही दोघी राहिलो. कोणी कोणाला "राहा" म्हटले नव्हते. भाड्याचे घर आहे, दोघींना परवडते, दोघींची कामे जवळ आहेत. व्यवस्था सोयीची आहे.

शेडमध्ये गाडीच्या जागी तेलाचा डाग आहे. वहिनीने त्यावर भुसा टाकला आणि झाडून काढला. डाग थोडा फिका झाला.

८ फेब्रुवारी, शनिवार

शोरूमला गेले. वहिनी "सहज, हवा खायला" बरोबर आली. शोरूममध्ये एसी होता.

विक्रेत्याने वहिनीलाच विचारले, मॅडम, साहेबांसाठी बघताय का? वहिनीने माझ्याकडे बोट केले: "साहेब ह्या. जरा बुटक्या आहेत, पण कडक आहेत." त्यानंतर तो मला इतका घाबरला की माझ्या प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणाला. ते उपयोगाचे नव्हते.

पत्रकावर छापलेले वजन कोरडे होते, म्हणजे पेट्रोल, ऑइल, बॅटरी काही न धरता. मी भरलेल्या गाडीचे वजन मागितले. त्याच्याकडे नव्हते. मी म्हटले, मग हे वजन कुठल्या गाडीचे आहे? तो म्हणाला, ह्याच गाडीचे, मॅडम. मी म्हटले, पेट्रोल न घालता ती जाते का? वहिनी त्या वेळी मागे वळून एका हेल्मेटकडे पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

तिथल्या दोन गाड्यांपैकी एक जड, दुसरी बजेटबाहेर. जड गाडीत घड्याळे, दिवे, फोन जोडायची सोय, असे बरेच काही होते. मला ते नको. जे नाही ते मोडत नाही.

वहिनीने एकच प्रश्न विचारला, तो दुसऱ्या गाडीबद्दल. "हिच्यावर मागे बसायचं झालं तर पाय कुठे ठेवायचे?"

विक्रेता म्हणाला, ही एकट्याची गाडी आहे. मी तिला समजावले की मागचे फूटरेस्ट, त्यांचे ब्रॅकेट आणि लांब सीट म्हणजे विनाकारण वजन. कच्च्या वाटेवर एक-एक किलो मोजावा लागतो. ती म्हणाली, "हो ना. मी आपलं विचारलं." नंतर बसमध्ये ती फारशी बोलली नाही. गाड्यांत तिला रस नसावा. पुढच्या वेळी तिला उगाच नेऊ नये.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीला एक पत्र आले आहे. तिच्या माहेरच्या शहरात मोठी लॅब आहे, तिथे तिला मुख्य तंत्रज्ञ म्हणून बोलावले आहे. तिची आई तिथेच असते. सत्तावीस तारखेला, गुरुवारी, होय-नाही कळवायचे.

तिने पत्र मला वाचायला दिले आणि मी वाचत असताना ओटा पुसत राहिली. ओटा आधीच पुसलेला होता. मी म्हटले, पद चांगले आहे, आई जवळ येईल, हातांखाली माणसे मिळतील. ती म्हणाली, "हो, सगळं चांगलंच आहे." मग तिने पत्र फ्रीजवर चुंबकाखाली लावले, चौकोनी, सरळ, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. तिच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा ते थोडे खाली येते.

ती गेली तर मला लहान घर बघावे लागेल. हे मी फक्त नोंद म्हणून लिहीत आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी सापडली. धान्याच्या गोदामातला काटा तपासताना तिथला कारकून म्हणाला की जनावरांच्या डॉक्टर त्यांची जुनी गाडी विकत आहेत. संध्याकाळी गेले.

डॉक्टर पन्नाशीच्या, आवाज बसलेला, बुटांना चिखल. वीस वर्षे वाड्या-वस्त्यांवर मोटरसायकलने जायच्या. आता गुडघे बोलायला लागले, म्हणून व्हॅन घेतली. म्हणाल्या, "गाई मला हिच्या आवाजावरून ओळखायच्या. आवाज आला की पळायच्या. व्हॅनचं तसं नाही, व्हॅनवर त्यांचा अजून विश्वास आहे."

गाडी जुनी पण सरळ आहे. एअर-कूल्ड, किक स्टार्ट, तारांची चाके. पत्रा असा जवळजवळ नाहीच. सीट लांब आहे, पण मागचे फूटरेस्ट नाहीत: त्या ब्रॅकेटवर औषधाची पेटी बसवायला त्यांनी ते काढून टाकले होते. कुठल्या तरी पोत्यात असतील, शोधू का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, नको, मागे कोणी बसणार नाही.

"मागे कोणी बसत नाही असं मीही म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मग एक कुत्रं बसायला लागलं."

किंमत मला झेपेल अशी आहे. म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत ठेवून घे, चालव, पाड, उचल, मग सांग. अशी विक्री मी आजवर पाहिली नव्हती. पण अटींत दोष सापडला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गाडी शेडमध्ये, तेलाच्या डागावर उभी केली. कामावरून दोन वजनपाट्या, म्हणजे सपाट काटे, आणल्या, दोन चाकांखाली एकेक. पेट्रोल भरून एकशे एकोणीस किलो. डॉक्टर एकशे आठ म्हणाल्या होत्या. वीस वर्षांचा चिखल बहुतेक.

मग उचलायचा सराव. पद्धत अशी: गाडी हळूच आडवी करायची, तिच्याकडे पाठ करून सीटला टेकायचे, एक हात हँडलला, एक हात मागच्या दांड्याला, गुडघे वाकवून पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचे. पहिल्यांदा नाही जमले. दुसऱ्यांदा पाय घसरला. तिसऱ्यांदा गाडी उभी राहिली. नंतर प्रत्येक वेळी राहिली.

वहिनी पायरीवर बसून कोणाचा तरी खालचा जबडा घासत होती. म्हणाली, ज्या माणसाचे हे दात आहेत तो तुला असे पाहून स्वतःचे दात विसरून जाईल. थोड्या वेळाने म्हणाली, "आता अगदी एकटीचं एकटीला जमतंय."

मी म्हटले, हो, तोच उद्देश होता.

"झकास," ती म्हणाली आणि जबडा घेऊन आत गेली. घासायचे काम अर्धेच झाले होते असे मला वाटले.

संध्याकाळी चपलांच्या कपाटात बूट शोधताना एक नवीन हेल्मेट सापडले, पिशवीत, शोरूमची चिठ्ठी तशीच लावलेली. घालून पाहिले. मला घट्ट होते, कानावर दाबते. वहिनीने मला भेट देण्यासाठी आणले असणार आणि माप चुकवले. लोकांच्या तोंडात बरोबर बसणारे दात करणाऱ्या बाईकडून ही चूक अपेक्षित नव्हती. तिला वाईट वाटू नये म्हणून काही बोलले नाही, जसे होते तसे ठेवले.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुन्या खाणीवर गेले. वहिनीने सुताराच्या टेम्पोतून येण्याची व्यवस्था परस्पर केली होती. त्याला पलीकडच्या गावात दारे पोचवायची होती. ती घडीचे स्टूल आणि थर्मास घेऊन आली. पायात घोट्यापर्यंतचे बूट. स्टुलावर बसायला असे बूट कशाला, असे मी विचारले. म्हणाली, विंचू असतात.

वाट चांगली आहे. आधी सपाट मुरूम, मग दगड, मग एक कोरडा ओढा, मग टाकीपर्यंत चढ. हलक्या गाडीचा फरक ओढ्यात कळतो: चूक झाली तर पाय टेकवून सुधारता येते. दादाच्या गाडीवर चूक सुधारता येत नसे, फक्त टाळता येई. मी ओढ्यापर्यंत चार-पाच फेऱ्या केल्या. चढ आज केला नाही.

चहा घेताना वहिनीने विचारले, टाकीवरून काय दिसते? मी सांगितले: दोन्ही खाणी, नदीचे वळण, आपल्या गावातली धुराडी, स्वच्छ दिवशी पलीकडचा घाटरस्ता. ती म्हणाली, "तुझ्या दादाच्या मागे बसून मी पुष्कळ फिरले. सगळीकडे एकच दिसायचं. त्याची पाठ." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझी पाठ लहान आहे."

हे खरे आहे. माझ्या मापाचे जाकीट मिळायला त्रास होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना वहिनीने पत्राचा विषय काढला. गेला आठवडाभर आम्ही दोघी त्या पत्रासमोर फ्रीज उघडून दूध काढत आहोत. तिने सरळ विचारले, "तुला काय वाटतं?"

मी पुन्हा मुद्दे मांडले. या वेळी दोन्ही बाजूंनी, कारण मागच्या वेळी एकच बाजू मांडली गेली होती असे मला वाटत होते. तिथे पद, आई, मोठी लॅब. इथे ओळखीचे काम, ओळखीचे लोक, हे घर. सगळे धरून तिथे जाणे योग्य दिसते, असे म्हटले.

ती म्हणाली, "मुद्दे नको गं. काटा कुठे झुकतो ते सांग."

"काटा झुकवणं माझं काम नाही. मी शून्य तपासते."

तिने ताट उचलले. नळाखाली धरून बराच वेळ धूत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुझ्या दादानेही जाताना मला असेच मुद्दे सांगितले होते. दोन्ही बाजूंचे. फार व्यवस्थित होते."

माझे मत तिच्या निर्णयात मिसळू नये, एवढाच माझा हेतू होता. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या काट्याच्या पाटीवर दुसऱ्याने बोट ठेवू नये. हे बरोबर आहे. तरी आज अक्षर नीट येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पडले. मला काही झालेले नाही. डाव्या कोपराला खरचटले आहे.

आज चढ करायचा ठरवला होता. वहिनी आली होती, पण टेम्पो नव्हता. ती बसने फाट्यापर्यंत आणि पुढे चालत आली, स्टूल काखेत मारून. मी म्हटले होते, एवढी यातायात कशाला? ती म्हणाली, पुढच्या शनिवारी कोण जाणे कुठे असेन. मग ओढ्याच्या काठावर बसली.

चढावर, ओढ्यापासून फार लांब नाही, पुढचे चाक दगडावरून घसरले. गाडी उजवीकडे गेली, मी डावीकडे. इंजिन बंद केले, पद्धतीप्रमाणे पाठ लावली, पायांनी उचलली. गाडी वर आली, सरळ झाली, आणि थांबलीच नाही. माझ्यापासून दूर, पलीकडे, डावीकडे जाऊन आदळली.

मी उभी राहून पाहत राहिले. काय चुकले ते लगेच कळले, आणि कळल्यावर खाली बसले.

शेडमध्ये मी गाडी प्रत्येक वेळी डावीकडे आडवी केली होती, कारण दादाची गाडी डावीकडे पडली होती. डावीकडून उचलली की स्टँड माझ्याच बाजूला असतो; गाडी सरळ झाली की पायाने तो काढायचा आणि ती त्यावर सोडून द्यायची. उजवीकडून उचलताना स्टँड पलीकडे राहतो. तिथे काहीच नसते. जेवढ्या जोराने उचलू तेवढ्याच जोराने ती पलीकडे जाते.

काटा तपासताना वजन पाटीच्या मधोमध ठेवून आकडा बरोबर आला, तरी ते पुरत नाही. चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे लागते. नवीन येणाऱ्या मुलींना मी हे पहिल्या दिवशी सांगते, आणि कोणी विसरली तर तिच्याशी दिवसभर बोलत नाही. मी एकाच कोपऱ्यावर सराव केला आणि स्वतःला प्रमाणपत्र दिले.

वहिनी चढ चढून वर आली, धापा टाकत, एका हातात थर्मास. तिने आधी माझे पाय पाहिले. मग कोपर. मग गाडी.

"कुठे लागलं?"

मी म्हटले, कुठे नाही. मी उजवी बाजू तपासलीच नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "आधी चहा की आधी गाडी?"

आधी गाडी. मी डावीकडून पाठ लावली. ती पलीकडे जाऊन उभी राहिली. मी म्हटले, या बाजूने मला एकटीला येते. ती म्हणाली, माहीत आहे, मी पाहिलेय, मी नुसती उभी आहे. कदाचित दमल्यामुळे मी जास्त जोर लावला. गाडी सरळ झाली आणि पुन्हा पलीकडे निघाली. वहिनीने टाकीवर नुसता तळहात टेकवला. गाडी थांबली.

ती तशीच उभी होती, मधोमध, ना इकडे ना तिकडे. स्टँड काढायचे मला थोडा वेळ सुचले नाही.

मग आम्ही चहा घेतला. चढ राहिला. उतरताना मी गाडी ढकलत आणली आणि ती बाजूने चालली. फाट्यापर्यंत ती म्हणाली ते एवढेच, की दगडावर बसून चहा प्यायला बूट बरे पडतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी शेडमध्ये गाडी उजवीकडे आडवी केली आणि उपाय शोधला. सोपा आहे. गाडी आडवी असतानाच स्टँड आधी बाहेर काढून ठेवायचा. मग उजवीकडून उचलली की ती पलीकडे जाते ती स्टँडवरच जाते. गिअरमध्ये टाकली की मागे सरकतही नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिले. प्रत्येक वेळी उभी राहिली. डावीकडून, उजवीकडून, उतारावर तोंड करून, चढावर तोंड करून. चारही कोपरे झाले.

म्हणजे कोणाचीही मदत न लागता ही गाडी मला उचलता येते. पहिल्या दिवशी लिहिलेली अट पूर्ण झाली. हे सिद्ध झाल्यावर मला बरे वाटायला हवे होते. मी शेडमध्ये उभी राहून टाकीवरची ती जागा बघत होते, जिथे काल तळहात होता. धुळीत बोटांचे ठसे अजून आहेत. मी गाडी पुसली, तेवढी जागा सोडून.

मग हेल्मेट आठवले.

मी चपलांचे कपाट उघडून ते बाहेर काढले आणि आत पाहिले. पट्टी एका मापावर ओढून बसवलेली होती, आणि अस्तरात एक लांब केस. माझे केस कानापर्यंत आहेत. आठ दिवसांपूर्वी हेच हेल्मेट मी डोक्यावर घालून पाहिले होते आणि माप चुकले असे लिहून ठेवले होते. माप चुकलेले नव्हते.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. गाडी घेते म्हणून सांगितले, आणि ते फूटरेस्ट सापडतील का, असे विचारले. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की मागे कुठली तरी म्हैस ओरडली. "कुत्रं मिळालं वाटतं?" मी म्हटले, नाही, वहिनी आहे. "मग तर सापडायलाच हवेत," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांच्याकडे पोते उपसल्यावर ते मिळाले. गंज होता, घासून काढला. वजन केले: दोन्ही मिळून, बोल्टसकट, एक किलो चारशे ग्रॅम. बसवले. वहिनी लॅबमध्ये गेली होती, रविवार असूनही, कोणाचे तरी घाईचे काम होते. ती यायच्या आत खालची चिठ्ठी लिहून फ्रीजवर, तिच्या पत्राशेजारी लावली. या वेळी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. समोर बोलताना मी पुन्हा मुद्देच मांडले असते, म्हणून लिहून दिली. तीन वेळा लिहिली. शेवटची ही:

*वहिनी,*

*गाडीला मागचे फूटरेस्ट बसवले आहेत. वजन एक किलो चारशे ग्रॅमने वाढले, चालेल. बोल्ट मी स्वतः आवळले आहेत.*

*गाडी आता मला दोन्ही बाजूंनी एकटीला उचलता येते. आज तपासले. त्यामुळे उचलायला तुझी गरज नाही. गरज नसतानाही तू बरोबर असावीस असे मला वाटते. टाकीपर्यंतच्या चढावर, आणि या घरात.*

*मंगळवारी तू काटा कुठे झुकतो विचारलेस, तेव्हा मी शून्य म्हटले. काट्याचे ते वाचन चुकीचे होते. तुझी आई आणि तुझे काम हे खरे मुद्दे आहेत आणि ते मी खोडत नाही. तू गेलीस तरी फूटरेस्ट काढणार नाही.*

*हेल्मेट कपाटातून काढून शेडमधल्या खिळ्याला टांगले आहे, माझ्या हेल्मेटशेजारी.*

*तुला त्यांना गुरुवारी कळवायचे आहे. मला बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव.*